बाप्तिस्मा झाला, आजोबांचे नाव राहिले

ज्यू घराण्यात जन्मून कॅथलिक झालेल्या माणसाने वाडवडिलांचा मान कसा राखावा? विसाव्या शतकातल्या तीन माणसांनी या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे दिली. तिन्ही महागात पडली.

१० ऑगस्ट २००७ रोजी पॅरिसच्या नोत्रदाम कॅथेड्रलमध्ये एका कार्डिनलचा अंत्यविधी होता. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सुटी अर्धवट टाकून आले होते. पण मिस्सा सुरू होण्याआधी, दाराबाहेर शवपेटी ठेवून, एक निराळाच विधी झाला. घराण्यातल्या एका तरुणाने हिब्रू आणि फ्रेंच भाषांत स्तोत्र म्हटले आणि पवित्र भूमीतून आणलेली माती पेटीवर ठेवली. मग चुलतभाऊ, इतिहासकार आर्नो लुस्टिगर, पुढे आले आणि त्यांनी कद्दिश म्हटले. ज्यू माणूस आपले आईवडील, भाऊबंद गेल्यावर म्हणतो ती ही प्रार्थना. तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नसतो. असते ती केवळ देवाची थोरवी. एवढे झाल्यावर पेटी आत गेली आणि कॅथलिक विधी यथासांग पार पडला.

गेलेला माणूस म्हणजे पॅरिसचे माजी आर्चबिशप कार्डिनल जाँ-मारी लुस्टिगर. जन्माने ज्यू, जन्मनाव आरोन. त्या दिवशी दोन्ही विधी झाले, पण त्यांची खिचडी झाली नाही. एक दाराबाहेर झाला, एक दाराआत. दोन्हीचा मान राहिला आणि दोन्हींमधला उंबरठाही राहिला. कॅथलिक श्रद्धा पाळणाऱ्या ज्यू वंशजापुढचा पेच समजून घ्यायचा तर या उंबरठ्यापासूनच सुरुवात करावी लागते.

धर्म की घराणे?

ज्यू असणे हा केवळ श्रद्धेचा मामला नाही. ज्यू धर्मशास्त्रानुसार ज्यू आईच्या पोटी जन्मलेले मूल ज्यू असते, मग ते पुढे देवाला मानो वा न मानो. नास्तिक ज्यू ही तर सर्रास आढळणारी गोष्ट आहे. पण दुसरा धर्म, त्यातही ख्रिस्ती धर्म, स्वीकारलेला ज्यू म्हटले की घरातले दिवे मालवतात.

मराठी वाचकाला धर्मांतरानंतरची घरातली घुसमट नवी नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्याने घर कसे उभे चिरले गेले ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. टिळकांनी कीर्तन आणि अभंगाची चाल सोबत नेली आणि वारसा सोडला नाही. पण टिळक ज्या चर्चमध्ये गेले, त्या चर्चने त्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके देवाचे मारेकरी ठरवून गावाबाहेर काढलेले नव्हते. ज्यू माणसाच्या बाबतीत नेमके तेच झालेले असते. तो ज्या घरात शिरतो, त्या घराने त्याच्या आजोबा-पणजोबांवर दगड फेकलेले असतात.

ही अतिशयोक्ती नाही. पोर्तुगालमध्ये १४९७ मध्ये हजारो ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा झाला. पुढे धर्मद्रोह हुडकणारी इन्क्विझिशनची न्यायालये आली तेव्हा या ‘नव्या ख्रिस्ती’ मंडळींच्या घरांवर पाळत राहिली. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला, शनिवारी धुतलेले कपडे घातले, डुकराचे मांस टाळले, एवढ्यावरही संशय येई. १८५८ मध्ये बोलोन्या शहरात एदगार्दो मोर्तारा नावाच्या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला पोपच्या शिपायांनी आईवडिलांपासून उचलून नेले. घरातल्या मोलकरणीने तो आजारी असताना गुपचूप त्याचा बाप्तिस्मा केला होता, एवढेच कारण. तो मुलगा परत आला नाही. वाढून धर्मगुरू झाला. अशा आठवणी ज्या समाजाच्या गाठीशी आहेत, त्याला ‘मी ख्रिस्ती झालो तरी तुमचाच आहे’ हे वाक्य सहज कसे पचावे?

आपल्याकडच्या बेने इस्राएलांची गोष्ट निराळी. कोकणात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. शेजाऱ्यांनी छळल्याची आठवण त्या समाजाला नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, शाळा काढल्या. बेने इस्राएल त्यांत शिकले, ख्रिस्ती मात्र फार थोडे झाले. उलट हाती आलेल्या जुन्या कराराने ते आपल्याच धर्माकडे अधिक डोळसपणे वळले.

गोव्यातली हाडे

युरोपातली ही जखम आपल्या किनाऱ्यापर्यंत मात्र पोहोचली होती. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज राजवटीकडून भाडेपट्ट्याने मिळाले होते. भारतातील औषधी वनस्पतींवरचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेले आणि पोर्तुगालमध्ये बाटवलेले ज्यू. तो स्वतः जगासमोर कॅथलिक म्हणूनच जगला आणि १५६८ मध्ये मेला.

पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने ज्यू रीती पाळल्याबद्दल जाळले. १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. आज पणजीतील एका उद्यानाला त्याचे नाव आहे.

ओर्ताच्या घराण्यासाठी वारसा जपणे म्हणजे दार लावून, कुजबुजत जपणे होते. तिथे बाप्तिस्मा निवडीचा नव्हता, म्हणून निष्ठाही दुभंगलेली होती. आपला प्रश्न त्यापुढचा आहे. माणसाने स्वतः होऊन, मनापासून कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, आणि तरी त्याला आपल्या माणसांकडे पाठ फिरवायची नसेल, तर काय?

आरोन नाव टाकले नाही

लुस्टिगर यांचा जन्म १९२६ चा, पॅरिसमधला. आईवडील पोलंडमधल्या बेंजिन गावचे. पॅरिसमध्ये त्यांचे होजियरीचे दुकान होते. घर ज्यू, पण फारसे धार्मिक नव्हते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर मुलाला ऑर्लेआं शहरात एका कॅथलिक कुटुंबात ठेवले. १९४० च्या पवित्र आठवड्यात हा मुलगा तिथल्या कॅथेड्रलमध्ये शिरला आणि त्याच ऑगस्टमध्ये, चौदा वर्षे पुरी व्हायच्या आत, त्याने बाप्तिस्मा घेतला. आईवडील व्यथित झाले. त्याने ‘आरोन’ हे आजोबांचे नाव टाकले नाही. त्याला ‘जाँ-मारी’ जोडून घेतले.

आई दुकान सांभाळायला पॅरिसला परतली होती. १९४२ मध्ये तिला पकडले, द्रांसीच्या छावणीत ठेवले आणि तिथून ऑश्विट्झला पाठवले. ती परतली नाही. युद्ध संपल्यावर वडिलांनी मुलाचा बाप्तिस्मा रद्द करून घेण्याची खटपट केली, ती फसली. १९५४ मध्ये मुलाला धर्मगुरूची दीक्षा मिळाली तेव्हा मात्र वडील आले आणि मागच्या बाजूला बसून राहिले.

१९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पॅरिसचे आर्चबिशप नेमले. त्या वेळी त्यांनी जाहीरपणे सांगितले की मी ज्यू म्हणून जन्मलो आणि ज्यूच आहे, अनेकांना हे मान्य नसले तरी. ते अनेकांना खरोखरच मान्य नव्हते. १९९५ मध्ये ते इस्राएलला गेले तेव्हा तिथले प्रमुख रब्बी यिस्राएल मेईर लाव यांनी त्यांच्यावर जाहीर ठपका ठेवला की सर्वांत कठीण काळात या माणसाने आपल्या लोकांची साथ सोडली. लाव स्वतः बुखेनवाल्ड छावणीतून लहानपणी वाचलेले. त्यांचा शब्द उडवून लावण्यासारखा नव्हता. लुस्टिगर यांचे उत्तर असे की, मी ज्यू नाही म्हणणे म्हणजे आईवडिलांना आणि आजी-आजोबांना नाकारणे होय.

या वादात दोघांचेही काही खरे आहे. लुस्टिगर यांच्या मते ज्यूंना मिळालेला प्रकाश साऱ्या जगापर्यंत नेण्याचे साधन म्हणजे ख्रिस्ती धर्म. श्रद्धावान कॅथलिकाला हे सरळ वाटेल. पण ज्यू कानांना त्यातून दुसरेच ऐकू येते: म्हणजे जे ख्रिस्ती झाले नाहीत ते अर्धवट राहिले? वारशाचा गौरव करता करता वारसदारांना कमी लेखले जाण्याचा धोका इथे आहे, आणि चांगल्या मनाच्या माणसालाही तो टळत नाही.

तरीही लुस्टिगर यांना ज्यू समाजात पुढे जो आदर मिळाला, तो त्यांनी केलेल्या कामामुळे. ऑश्विट्झच्या कुंपणालगत कार्मेलाइट मठवासिनींनी मठ थाटला तेव्हा ज्यू जगात संताप उसळला. तो मठ हलवण्याच्या १९८७ च्या जिनिव्हा करारात लुस्टिगर चर्चच्या बाजूने बोलणी करत होते. १९९३ मध्ये मठवासिनी तिथून हलल्या. १९९७ मध्ये फ्रेंच बिशपांनी युद्धकाळातल्या चर्चच्या मौनाबद्दल जाहीर क्षमा मागितली, ती द्रांसी इथेच, लुस्टिगर यांच्या उपस्थितीत. त्यांच्या आईला जिथून नेले, ते हे ठिकाण. आणि २००५ मध्ये ऑश्विट्झच्या मुक्ततेला साठ वर्षे झाली, तेव्हा पोपचे प्रतिनिधी म्हणून तिथे तेच उभे होते.

नोत्रदाममध्ये त्यांचा स्मृतिलेख आहे. मजकूर त्यांनीच लिहून ठेवलेला. आपण जन्माने ज्यू, आजोबांचे नाव आरोन आपल्याला मिळाले, श्रद्धेने आणि बाप्तिस्म्याने ख्रिस्ती झालो आणि येशूचे प्रेषित राहिले तसे ज्यूच राहिलो, असा त्याचा आशय.

आईसोबत सिनेगॉगमध्ये

दुसरे उदाहरण एडिथ श्टाइन यांचे. त्यांनी इतके जाहीर काही म्हटले नाही. त्यांचा जन्म १८९१ मध्ये ब्रेस्लाउला, आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफला, योम किप्पूरच्या म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी झाला. अकरा भावंडांत त्या शेंडेफळ. वडील लवकर गेले; आईने लाकडाची वखार चालवून घर उभे केले. एडिथ तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांच्या शिष्या झाल्या, १९१६ मध्ये डॉक्टरेट मिळवली, मधल्या काळात देवावरचा विश्वास गमावला. १९२१ मध्ये आविलाच्या संत तेरेसाचे आत्मचरित्र वाचले आणि १ जानेवारी १९२२ रोजी बाप्तिस्मा घेतला.

घरी आल्या की त्या आईबरोबर सिनेगॉगला जात. तिथे स्तोत्रे म्हटली जात, तेव्हा त्या आपल्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकातून तीच स्तोत्रे म्हणत. आईच्या शेजारी बसण्यासाठी त्यांनी श्रद्धा लपवली नाही आणि श्रद्धेसाठी आईची बाजू सोडली नाही.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये श्टाइन यांनी पोप अकरावे पायस यांना पत्र लिहिले. आपण ज्यू समाजाची लेक आहोत आणि अकरा वर्षे कॅथलिक चर्चचीही लेक आहोत, असे सांगून चर्चने ज्यूंच्या छळाविरुद्ध बोलावे अशी विनंती केली. हे पत्र २००३ मध्ये संशोधकांसाठी खुले झाले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या ज्यू घराण्याच्या आठवणी लिहायला घेतल्या. नाझी प्रचार ज्यूंचे राक्षसी चित्र रंगवत होता; त्यासमोर एक साधे घर, एक कष्टाळू आई, भावंडांची भांडणे आणि सणवार ठेवावेत, हा हेतू. वारसा जपण्याची याहून नेमकी कृती सांगता येणार नाही.

त्याच ऑक्टोबरमध्ये त्या कोलोनच्या कार्मेलाइट मठात दाखल झाल्या. घरचा शेवटचा दिवस त्यांच्या वाढदिवसाचा आणि ज्यूंच्या मंडपांच्या सणाच्या समाप्तीचा होता. सिनेगॉगहून परतताना आईने विचारले की येशू भला माणूस असेलही, पण त्याने स्वतःला देव का म्हणवले? एडिथ यांच्यापाशी आईला समजावू शकेल असे उत्तर नव्हते. त्या मठातून दर आठवड्याला पत्र पाठवत राहिल्या. आईने बराच काळ एकालाही उत्तर दिले नाही.

पुढे त्या हॉलंडमधल्या मठात गेल्या. जुलै १९४२ मध्ये डच बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीचा जाहीर निषेध केला. सूड म्हणून नाझींनी ज्यू वंशाच्या कॅथलिकांना उचलले. एडिथ आणि त्यांची बहीण रोझा ९ ऑगस्ट १९४२ रोजी ऑश्विट्झमध्ये मारल्या गेल्या. १९९८ मध्ये त्यांना संतपद दिले गेले तेव्हा अनेक ज्यूंनी आक्षेप घेतला: ती कॅथलिक म्हणून नव्हे, ज्यू म्हणून मारली गेली, लाखो ज्यूंच्या संहारावर ख्रिस्ती हुतात्म्याचे नाव कशाला? आक्षेपात तथ्य होते. पोपनीही त्या सोहळ्यात सांगितले की या संताच्या स्मरणदिनी त्या संहाराचेही स्मरण झाले पाहिजे.

न्यायालयात गेलेला साधू

तिसरे उदाहरण ऑस्वाल्ड रुफाइझेन यांचे. पोलंडमधल्या ज्यू कुटुंबात १९२२ मध्ये जन्मलेला हा तरुण ओळख लपवून आजच्या बेलारूसमधल्या मीर गावी जर्मनांच्या पोलीस ठाण्यात दुभाषा झाला. ठाण्यातून शस्त्रे पळवून ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत पोहोचवली, कत्तलीची तारीख आधी कळवली. १९४२ मध्ये सुमारे ३०० ज्यू त्यामुळे निसटले. पकडले गेल्यावर ते पळाले, मठवासिनींच्या आश्रयाला राहिले आणि तिथे बाप्तिस्मा घेतला. युद्धानंतर ते कार्मेलाइट संघात गेले, फादर झाले आणि १९५९ मध्ये इस्राएलला पोहोचले.

जगातल्या कोणाही ज्यूला इस्राएलमध्ये येऊन राहण्याचा हक्क देणारा कायदा १९५० पासून आहे. रुफाइझेन यांनी त्याच हक्काने नागरिकत्व मागितले: माझा धर्म कॅथलिक, माझे राष्ट्र ज्यू. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी मागणी फेटाळली. गंमत अशी, की कर्मठ धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते ज्यूच होते. धर्मनिरपेक्ष न्यायालयाने मात्र सांगितले की सामान्य ज्यू माणूस चर्चच्या फादरला आपला मानणार नाही. १९७० मध्ये कायद्यातच ‘अन्य धर्माचा नसलेला’ अशी अट आली. रुफाइझेन निराळ्या मार्गाने नागरिक झाले आणि १९९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत हैफामध्ये हिब्रू बोलणाऱ्या कॅथलिकांची सेवा करत राहिले. न्यायालयाने नाकारले म्हणून देश सोडला नाही, हे त्यांचे उत्तर.

चर्चने काय बदलले

अशा माणसांची वाट पुढे थोडी सोपी झाली ती चर्च बदलले म्हणून. १८४३ मध्ये पॅरिसमध्ये सायनच्या भगिनींचा संघ स्थापन झाला, तो ज्यू घराण्यातून आलेल्या रातिस्बोन बंधूंच्या प्रेरणेने. ज्यूंचे धर्मांतर व्हावे म्हणून प्रार्थना करणे हा त्याचा मूळ हेतू. आज हाच संघ ज्यू-ख्रिस्ती संवादासाठी ओळखला जातो.

मधे घडली ती दुसरी व्हॅटिकन परिषद. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी तिने ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा २२२१ विरुद्ध ८८ मतांनी स्वीकारला. येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सर्व ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही आणि ज्यूंना देवाने टाकलेले वा शापलेले समजू नये, असे त्यात स्पष्ट आहे. मसुदा करणाऱ्यांत योहानेस ऑस्टराइशर आणि ग्रेगरी बॉम हे ज्यू वंशाचे धर्मगुरू होते. ऑस्टराइशर यांचे आईवडील नाझींच्या छावण्यांत गेले होते. ज्यू पूर्वज असलेल्या कॅथलिकांनी चर्चला दिलेली ही बहुधा सर्वांत मोठी देणगी. २०१५ मध्ये व्हॅटिकनने आणखी पुढे जाऊन म्हटले की ज्यूंच्या धर्मांतरासाठी चर्च कोणतीही संस्थात्मक मोहीम चालवत नाही किंवा तिला पाठिंबाही देत नाही.

घरात मग करायचे काय?

तत्त्व ठरले तरी शुक्रवारची संध्याकाळ येतेच. आजीची मेणबत्तीची जोडी फडताळात आहे, लावायची का? कॅथलिक शिकवण अशी की मोशेचे नियम पाळणे तारणासाठी आवश्यक नाही. अगदी पहिल्या शतकात, येशूचे सारे शिष्य ज्यू असताना, वाद उलटा होता: ज्यू नसलेल्यांना सुंता न करता आत घ्यायचे का? तेव्हा ‘घ्यायचे’ असे ठरले. पुढे १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने ख्रिस्ती माणसाने ज्यू विधी पाळणे घोर पाप ठरवले. आजचा सूर तितका कठोर नाही. इस्राएलमध्ये १९५५ पासून हिब्रू बोलणाऱ्या कॅथलिकांचा समुदाय आहे. जेरुसलेम, हैफा, बेरशेबा अशा ठिकाणी हिब्रूतून मिस्सा होते.

पण एक पथ्य सांभाळावे लागते. वल्हांडणाचे जेवण घरी मांडून त्याच्या शेवटी ख्रिस्ती वचने जोडायची आणि त्याला येशूच्या शेवटच्या भोजनाचा प्रयोग करायचा, ही टूम अनेक ठिकाणी निघाली. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या समितीने १९८८ मध्येच बजावले की असे करणे चूक आहे. सण करायचा तर ज्यूंच्या पद्धतीला धक्का न लावता करावा. त्याहून बरे म्हणजे ज्यू नातलगांनी बोलावले तर पाहुणा म्हणून जावे, ते वाचतील ते ऐकावे, पानात येईल ते खावे. नातलगांच्या मृत्युतिथीला मेणबत्ती लावणे, मुलांना आजोबांचे नाव देणे, संहारात गेलेल्यांची नावे कुटुंबाच्या वहीत नीट लिहून ठेवणे, हे कोणाच्या परवानगीवर अडत नाही.

काहींना तर हा वारसा उशिरा सापडतो. पोलंडमधले धर्मगुरू रोमुआल्द वाश्किनेल १९६६ मध्ये दीक्षित झाले. १९७८ मध्ये त्यांना सांभाळणाऱ्या आईने सांगितले की तू ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून वाचवलेले ज्यू बाळ आहेस. त्यांनी जन्मदात्यांचे ‘वेक्स्लर’ आडनाव आपल्या नावापुढे जोडले आणि २००९ मध्ये ते इस्राएलला राहायला गेले.

एक मात्र या सगळ्यांच्या हातात नव्हते. ज्यू समाजाने त्यांना ज्यू म्हणावे की नाही, हे ठरवणे. लुस्टिगर यांच्या वडिलांनी मुलाचा बाप्तिस्मा रद्द करून घेण्याची खटपट केली, श्टाइन यांच्या आईने बराच काळ पत्रांना उत्तर दिले नाही, रुफाइझेन यांना न्यायालयाने नाकारले. वारसा एकट्याच्या मालकीचा नसतो. त्याचा मान राखायचा असेल तर घरच्यांचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्कही मानावा लागतो. मान्यता मिळाली नाही म्हणून रुसून बसण्याचा अधिकार बाप्तिस्म्याने मिळत नाही.

जबाबदारी मात्र मिळते, आणि ती चर्चच्या आत असते. गुड फ्रायडेला वसईपासून पॅरिसपर्यंत योहानाच्या शुभवर्तमानातली येशूच्या दुःखसहनाची कथा वाचली जाते. तिच्यात ‘यहुदी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्या दिवशीच्या प्रवचनात दोष साऱ्या यहुद्यांवर घसरला, तर उपासना संपल्यावर फादरना गाठून १९६५ च्या जाहीरनाम्याची आठवण करून देणारे कोणीतरी लागते. ज्याच्या आजोबांचे नाव आरोन होते त्याने ते काम दुसऱ्यावर टाकू नये.